मॅडम, मी असं न्हवतो बोललो

ही घटना खरी आहे.

माझी सख्खी मामेबहीण आम्रपाली, तिच्या बाबतीत घडलेली. तिने मला ती सांगितली तेव्हा आम्ही येरवड्याला तिच्या घरी, स्वयंपाकघरात बसलो होतो. सकाळची वेळ. खिडकीतून ऊन येत होतं. तरी बोलताना ती सारखी मागे वळून बघत होती.

मागे नुसती भिंत होती.

भुताची गोष्ट म्हटली की अमावास्या, मध्यरात्र, सुनसान रस्ता असं काहीतरी लागतं. इथे त्यातलं काहीच नाही. हे घडलं हडपसरच्या पुढच्या एका खाजगी विद्यापीठात. गेल्या वर्षी, दिवाळीची सुट्टी संपून वर्ग सुरू झाले त्या दिवसांत. आणि जे झालं ते भर दुपारी झालं. बाहेर कॅन्टीनमध्ये पोरं खिदळत असताना.

आम्रपाली तिथे पटकथा शिकवते. आधी ती मुंबईत मालिकांचे संवाद लिहायची. कोण रडताना काय बोलेल, कोण मरताना काय बोलेल, हे लिहिण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग कंटाळली आणि पुण्याला परत आली. विद्यापीठात तिच्याकडे नव्या माध्यमांचा विषय आला. म्हणजे मोबाइलवरच्या मालिका, नुसत्या ऐकायच्या गोष्टी, आणि व्हीआरच्या फिल्म.

व्हीआर म्हणजे तो डोळ्यांवर चढवायचा हेडसेट. तो घातला की आपण जणू त्या जागेतच जाऊन बसतो. मान वळवली की बाजूचं दिसतं. मागे वळलं की मागचं. आवाजही तसाच असतो. पाठीमागचा आवाज पाठीमागूनच येतो.

तिच्या वर्गात विश्वजीत नावाचा मुलगा होता. हडपसरच्या पलीकडे, नुकत्याच महापालिकेत आलेल्या एका गावातला. बरीचशी जमीन बिल्डरकडे गेलेली. विहीर, थोडा कांदा आणि घर एवढंच उरलेलं. घरामागे टॉवर उभे राहिलेले. मुलगा शांत, वर्गात मागच्या बाकावर बसणारा.

सत्राच्या कामासाठी त्याने आपल्या वडिलांवर व्हीआर फिल्म केली. वडिलांचं नाव मच्छिंद्र. अंगणात प्लॅस्टिकची पांढरी खुर्ची टाकली, समोर कॅमेरा ठेवला आणि सांगितलं, "बाबा, आमच्या मॅडम बघणार आहेत. त्यांच्याशी बोला. काहीही बोला."

हा कॅमेरा चारी बाजूंचं टिपतो. लावणारा माणूसही त्यात दिसतो. म्हणून विश्वजीत घरामागे जाऊन बसला. अंगणात वडील एकटेच. कॅमेऱ्यासमोर. मॅडमशी बोलत.

फिल्म आम्रपालीकडे आली. तिने हेडसेट चढवला.

समोर पांढरा सदरा, टोपी घातलेला माणूस. हात गुडघ्यांवर. अवघडून बसलेला. कांद्याच्या रोपांबद्दल बोलला. विहिरीला पाणी किती आहे ते बोलला. रस्ता रुंद होणार त्याबद्दल बोलला. मध्येच थांबायचा, घसा खाकरायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

आम्रपालीला त्या दिवशी आणखी बऱ्याच फिल्म बघायच्या होत्या. डोकं जड झालं होतं. हेडसेटने तिला गरगरतं.

तिने थोडा वेळ बघितली आणि हेडसेट काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर म्हणाली, "विश्वजीत, तुझे वडील फार बोलतात. काढून टाक त्यांना."

वर्ग हसला.

"मस्करी नाही करत. रिकामी खुर्ची ठेव. माणूस काढला की बघणारा त्याला शोधायला लागतो. गोष्ट तिथे सुरू होते."

सल्ला चुकीचा नव्हता, हे ती मला आजही सांगते. विश्वजीतने तेच अंगण पुन्हा चित्रित केलं, रिकाम्या खुर्चीचं. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येईल अशी फिल्म झाली. विभागप्रमुखांनी कौतुक केलं. आम्रपालीने दुसऱ्या वर्गालाही ती दाखवली.

जुनं चित्रण कॅमेऱ्याच्या कार्डावरून पुसलं गेलं. कार्ड विभागाचं, रिकामं करून परत द्यायचं होतं. एक प्रत आम्रपालीकडे होती. विभागातून जागा मोकळी करायचा निरोप आला, तेव्हा तिने एका झटक्यात सगळ्या जुन्या फाईली उडवल्या.

दिवाळीत मच्छिंद्र गेले. पाडव्याच्या दिवशी विहिरीजवळ कोसळले. हार्ट अटॅक. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

सुट्टी संपल्यावर विश्वजीत आला. डोकं भादरलेलं. आम्रपालीच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"मॅम, तो पहिला कट आहे का हो तुमच्याकडे? बाबांचा?"

तिने शोधल्यासारखं केलं. शोधण्यात अर्थ नाही हे तिला ठाऊक होतं.

"नाही रे. डिलीट झाला."

तो दारातून हलला नाही. मग म्हणाला, "मॅम, त्यांचा बोलतानाचा तेवढाच व्हिडिओ होता. मी पण धड बघितला नव्हता. सबमिशनच्या घाईत तसाच अपलोड केला." त्याने मान खाली घातली. "तुम्ही तर पूर्ण बघितलात ना? शेवटी काय बोलत होते ते?"

इथे तिला खरं सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. 'मी पूर्ण बघितला नाही.'

तिने त्याच्या भादरलेल्या डोक्याकडे बघितलं. आणि तिच्या तोंडून इतक्या वर्षांची सवय बोलली.

"तुझ्याबद्दलच बोलत होते. म्हणाले, मॅडम, माझं पोरगं लई मोठं होणार बघा. मला जमलं न्हाई ते त्यो करणार. म्हणाले, त्याला सांगू नका, नाहीतर डोक्यावर बसंल."

विश्वजीत हसला. आणि हसता हसता तिथेच, दाराला टेकून, ढसाढसा रडला. बाहेर जाऊन त्याने लगेच आईला फोन लावला. "आई, बाबा काय बोलले होते माहितीये का..." त्याचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत तिला ऐकू येत होता.

तिला वाटलं, काय बिघडलं? मुलाला बरं वाटलं ना.

पण त्या दिवशी डबा तसाच परत गेला. मेलेल्या माणसाच्या तोंडात तिने संवाद घातला होता.

त्याच आठवड्यात गुण भरायचे होते. दुपारी लॅब रिकामी होती. तिने हेडसेट चढवला आणि विश्वजीतची फिल्म लावली. रिकाम्या खुर्चीची.

अंगण. शेवग्याचं झाड. लांब कुठेतरी विहिरीवरच्या मोटारीचा आवाज. समोर पांढरी खुर्ची.

आणि मग...

पाठीमागे कोणीतरी घसा खाकरला.

तिने झटकन मान वळवली. मागे घराची ओटी. बंद दार. कोणी नाही.

तिला वाटलं, लॅबमध्ये कोणी आलं असेल. हेडसेट वर करून बघितलं. लॅब रिकामी. दार आतून लावलेलं.

पुन्हा हेडसेट खाली केला.

मोटारीचा आवाज थांबला होता. पाखरांचाही.

काहीच ऐकू येत नव्हतं. आणि त्या शांततेत...

चपला घासत कोणीतरी चालत आलं. तिच्या पाठीमागून, उजव्या बाजूने, अगदी खांद्याजवळून. आवाज समोर गेला. खुर्चीपाशी थांबला.

खुर्ची कुरकुरली. कोणीतरी बसताना कुरकुरते तशी.

खुर्ची रिकामीच होती.

आम्रपालीने हेडसेट ओढून काढला. वायर तुटायची बाकी होती.

तिने ध्वनी शिकवणाऱ्या अनिरुद्ध सरांना बोलावलं. नेमका आवाज काय येतो ते सांगितलं नाही. म्हणाली, फाईलमध्ये काहीतरी जास्तीचं रेकॉर्ड झालंय, बघा जरा. सरांनी सगळा ट्रॅक तपासला. हेडसेट लावून फिल्म पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली.

"पाखरं आहेत. मोटार आहे. दुसरं काही नाही," ते म्हणाले. "अहो आम्रपाली मॅडम, आवाज येत असतील तर कान दाखवून घ्या. फाईलला कशाला दोष देता?"

ती कसंनुसं हसली.

दोन दिवस ती लॅबकडे फिरकली नाही. पण गुण भरायचेच होते, आणि मुख्य म्हणजे तिला स्वतःची समजूत घालायची होती. पुन्हा दुपारीच गेली. या वेळी लॅबचं दार सताड उघडं ठेवलं. कॉरिडॉरमध्ये मुलं येत-जात होती.

हेडसेट चढवला. फिल्म सुरू झाली.

पाखरं नाहीत. मोटार नाही. या वेळी पहिल्यापासूनच शांत.

समोर खुर्ची. पण...

खुर्ची सरकली होती. आधी अंगणाच्या मध्यावर असायची. आता अगदी जवळ होती. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी.

आणि समोरच्या रिकाम्या जागेतून, हळू, अजिबात न रागावलेला आवाज आला.

"मॅडम... मी असं न्हवतो बोललो."

आम्रपालीचे हात हेडसेटकडे गेलेच नाहीत. ती मला म्हणाली, "पळायला हवं होतं. पण लाज वाटली गं. भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. मागच्या वेळी मी त्यांचं बोलणं अर्ध्यावर सोडून उठले होते. आता पुन्हा कशी उठू?"

ती बसून राहिली.

आवाजाने घसा खाकरला. मग तोच कांदा, तीच विहीर, तोच रस्ता. शब्द न् शब्द तोच. तिने ऐकलं होतं तिथवर आला...

आणि पुढे गेला.

"मॅडम, पोरगं घरामागं बसलंय, तवर सांगतो. महिना झाला, डाव्या हातात कळ येती. विहिरीवरनं घरापातूर येताना दोनदा बसावं लागतं. घरी बोललो न्हाई. पोराला कळलं तर कालिज सोडून घरी बसंल. त्यो तुमचं लई ऐकतो. तुमी शिकलेल्या हाय. एखादा चांगला डॉक्टर ठावं असंल तर सांगून ठेवा. आन् त्याला तुमीच सांगा, हळू, भ्याव न घालता. माझ्यानं न्हाई व्हायचं."

थोडं थांबून, "सांगाल न्हवं?"

मग काही नाही. खुर्ची जागेवर. पाखरं. मोटार.

आम्रपाली हेडसेट हातात घेऊन खूप वेळ बसून होती. बाहेर कोणीतरी मोठ्याने हसत गेलं.

फिल्म तिच्याकडे आली तो सप्टेंबर होता. मच्छिंद्र गेले दिवाळीत.

मधले ते सगळे दिवस होते. फक्त शेवटपर्यंत बघायचं होतं.

विश्वजीतला तिने पार्किंगजवळच्या कट्ट्यावर बोलावलं. सगळं सांगितलं. आधी हे, की फिल्म तिने पूर्ण बघितलीच नव्हती. मग हे, की ते वाक्य तिचं होतं, त्याच्या वडिलांचं नव्हतं. मग हात दुखत होता ते.

तिला वाटलं होतं, तो ओरडेल. तक्रार करेल. तिला तेच हवं होतं.

त्याने फक्त मान वर केली. मग म्हणाला, "मॅम, बघितलीच नव्हती, तर मग आता कसं कळलं?"

तिने तेही सांगितलं.

तो उठला. "चला. मला ऐकायचंय."

लॅबमध्ये त्याने हेडसेट चढवला. ती भिंतीशी उभी. तो मान वळवत राहिला. डावीकडे, उजवीकडे, मागे. फिल्म संपली. पुन्हा लावली. पुन्हा संपली.

हेडसेट काढला तेव्हा त्याचे डोळे कोरडे होते.

"काही नाही, मॅम. पाखरंच आहेत." आणि मग, "तुम्हालाच का? मला का नाही?"

तिने हेडसेट त्याच्या हातातून घेऊन जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज दुपारी यायला लागला. हेडसेट चढवायचा, बसायचा. अडवायचं तिच्या जिवावर यायचं. ती आपली तिच्या टेबलाशी कागद चाळत बसायची.

आणि एक दिवस...

घसा खाकरल्याचा आवाज आला. तिच्या पाठीमागून.

हेडसेट विश्वजीतच्या डोळ्यांवर होता. तिच्या कानाला काहीच लावलेलं नव्हतं.

"वाळलाय," आवाज म्हणाला. "जेवत न्हाई वाटतं."

विश्वजीत तसाच मान वळवत होता. त्याला ऐकू येत नव्हतं.

तिला वाटलं, निदान एवढं तरी आपण करावं. एकदा निरोप राहिला. आता राहायला नको.

त्याने हेडसेट काढल्यावर तिने सांगितलं. "म्हणाले, वाळलायस. जेवत नाहीस का?"

विश्वजीतचा चेहरा जो काही उजळला, तो ती आजही विसरलेली नाही. त्या दिवशी त्याने कॅन्टीनमध्ये दोन थाळ्या खाल्ल्या.

मग ते रोजचंच झालं. आवाज तिच्या मागून यायचा, ती निरोप पोचवायची. मोटारीचं बटण सैल आहे, ओल्या हातानं लावू नको म्हणावं. आईच्या गुडघ्याचं बघ म्हणावं. कांद्याला पाणी जास्त देऊ नको. मोटारीचं बटण खरंच सैल निघालं. विश्वजीत हसत सांगायला आला. त्याच्या आईने, चंद्रभागाबाईंनी, आम्रपालीसाठी शेवग्याच्या शेंगा पाठवल्या.

तिची झोप परत आली. तिला वाटलं, फेडतोय आपण.

तुकारामबीजेच्या आसपासची गोष्ट. ऊन कडक झालं होतं. विश्वजीत हेडसेट लावून बसला होता. ती निरोपाची वाट बघत होती. हो, आता ती वाट बघायची.

पण बराच वेळ काहीच आलं नाही.

पंख्याचा आवाज थांबला. पंखा फिरत होता, आवाज नव्हता. बाहेरच्या मुलांची तोंडं हलत होती, आवाज नव्हता.

आणि मग अगदी कानाशी... कधी नव्हे इतक्या जवळ...

"मॅडम. इथं एकट्याला करमत न्हाई."

तिने हातातले कागद खाली ठेवले.

"त्याला पाठवून द्या आता. त्यो तुमचं ऐकतो."

पंख्याचा आवाज परत आला.

विश्वजीतने हेडसेट काढला. रोजच्यासारखं हसत विचारलं, "मॅम, आज काय म्हणाले?"

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या डोक्यावर आता दाट केस आले होते.

"काही नाही," ती म्हणाली. "आज काहीच नाही बोलले."

"काहीच नाही?"

"नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच ऐकू आलं. तिसऱ्या दिवशीही. रागावून नाही, धमकावून नाही. एखादा माणूस घरात पोराची वाट बघतो, तसं. ती रोज नाही म्हणत राहिली. विश्वजीत दिवसेंदिवस गप्प होत गेला. एकदा म्हणाला, "माझं काही चुकलं का, मॅम? बाबा रागावलेत का माझ्यावर?"

तिने त्या लॅबमध्ये बसणं सोडलं. फाईलही उडवली. पण एक प्रत विश्वजीतकडे होतीच. परीक्षा झाल्या, निकाल लागला. तो आता घरीच असतो, तिथूनच छोटी-मोठी कामं करतो. पहिल्या कमाईतून त्याने स्वतःचा हेडसेट घेतला. रोज दुपारी जेवण झालं की त्याच अंगणात बसून फिल्म लावतो. कधीतरी आपल्यालाही ऐकू येईल, असं त्याला वाटतं.

आम्रपाली रोज दुपारी त्याला फोन करते. काहीतरी निमित्त काढून. तो फोन उचलेपर्यंत उभी असते, बसत नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आणि फोन ठेवण्याआधी तो रोज एकच विचारतो. "मॅम, तुम्हाला काही ऐकू आलं का?"

येरवड्याच्या त्या स्वयंपाकघरात मी तिला म्हटलं, "अगं, आता तरी खरं सांगून टाक त्याला. एकदा खोटं बोलून बघितलंस, काय झालं ते माहीतच आहे. तो बिचारा समजतोय, बाप रागावलाय."

तिने मागे वळून भिंतीकडे बघितलं. बराच वेळ. कोणीतरी बोलत असताना मध्येच उठता येत नाही, तशी ती बसली होती. मला काही ऐकू आलं नाही.

मग माझ्याकडे वळली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "सांगितलं तर तो जाईल गं."